उक्कीला अजून बोलता येत नाही

मल्लिनाथ बिराजदार सरांना निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, पण त्यांच्या खिशातलं लाल पेन काही निवृत्त झालं नव्हतं. लग्नपत्रिका हातात आली की सर आधी ऱ्हस्व-दीर्घ तपासायचे, मग नवरा-नवरीची नावं वाचायचे. होटगी रस्त्यावरच्या एका दुकानदाराला त्यांनी तीनदा पाटी बदलायला लावली होती. चौथ्यांदा सर येताना दिसले तेव्हा त्यानं शटर अर्धं खाली ओढून घेतलं. पस्तीस वर्षं मराठी शिकवलेला माणूस. सोलापुरातले कितीतरी वकील, डॉक्टर आणि नगरसेवक त्यांच्या हाताखालून गेलेले, आणि हे सगळे लोक सर समोर दिसले की एकदम कमी बोलायला लागत. सरांना वाटायचं, हा आदर आहे.

अशा या सरांनी साठी उलटल्यावर विद्यापीठात एम.ए.ला नाव घातलं, तेव्हा बघणारे बघतच राहिले. विषय होता भाषांतर आणि भाषाअध्यापन. वर्गात सरांना धरून पाच विद्यार्थी. बाकीच्या चौघांची वयं जोडली तर सरांच्या दीडपट भरली असती.

पाचच का, तर कुडीमुळे. दुभाषी कुडी बाजारात येऊन तेव्हा दहा वर्षं होत आली होती. हरभऱ्याच्या दाण्याएवढं यंत्र, कानात बसवायचं. समोरचा जपानीत बोलो की बंगालीत, कानात पडणार ते आपल्या भाषेत, तेही त्याच्याच आवाजात. भाजीवाल्यापासून न्यायाधीशापर्यंत सगळ्यांच्या कानात कुडी आली आणि भाषा शिकण्याची गरज एका झटक्यात संपली. भाषेचे वर्ग ओस पडले, शब्दकोश रद्दीत गेले. सगळ्यांना सगळ्यांचं कळू लागलं.

सगळ्यांना म्हणजे, सहा वर्षांखालची पोरं सोडून. लहान मुलांच्या कानाची नळी वाढत असते आणि मेंदू तर अजून आवाज वेगळे करायलाच शिकत असतो. तिथं कुडी घातली तर ते मूल कुठलीच भाषा धड शिकत नाही, हे पहिल्या दोन-तीन वर्षांतच ध्यानात आलं. जगभर कायदा झाला, सहाच्या आत कुडी नाही. त्यामुळे मोठी माणसं पोरांचं ऐकू शकत होती. पोरांना मात्र त्यांच्या भाषेत बोलणारं माणूसच लागायचं.

आणि बिराजदार सरांची नात तैमी होती चार वर्षांची.

सरांची मुलगी केतकी फिनलंडमध्ये तांपेरेला असते. तेही सोलापूरसारखंच एके काळचं गिरण्यांचं गाव. तिनं मिको नावाच्या फिनिश माणसाशी लग्न केलं, त्यांची ही मुलगी. तैमीला येत होती फक्त फिनिश. व्हिडिओवर ती काय म्हणते ते सरांना कुडीतून कळायचं, पण सर काय म्हणतात ते तिला कळायचं नाही. एकदा त्यांनी फोनच्या भोंग्यावरून भाषांतर ऐकवून पाहिलं. आजोबांचे ओठ एक हलतायत आणि आवाज दुसराच येतोय, हे बघून पोर घाबरून सोफ्यामागे जाऊन बसली. त्या दिवशी सरांनी ठरवलं, आपणच फिनिश शिकायचं. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला ती सगळी सोलापूरला येणार होती. तोवर नातीशी बोलता आलं पाहिजे. बाकी पदवीबिदवी मिळाली तर मिळाली.

विद्यापीठात जायचं कारण असं की, तिथं एक नवी कुडी आली होती. तिचं नाव ओसरती कुडी.

आपण वाक्य ऐकतो तेव्हा मेंदू हातावर हात ठेवून बसलेला नसतो. पुढचा शब्द कोणता येणार याचा तो सतत अंदाज बांधत असतो. अंदाज चुकला की पापणी लवायच्या आत मेंदूत विजेची एक बारीकशी लाट उठते. भाषा शिकताना या लाटा उठत राहतात आणि हळूहळू शमत जातात. नेहमीची कुडी अर्थ आयता हातात देते, त्यामुळे परक्या शब्दाशी मेंदूची झटापटच होत नाही. दहा वर्षं वापरा, एक शब्द डोक्यात राहणार नाही. ओसरती कुडी ती लाट मोजते. पहिल्या दिवशी ती सगळं भाषांतर करून देते. मग ज्या शब्दाचा अंदाज तुमच्या मेंदूला येऊ लागला, तो शब्द ती तसाच परक्या भाषेत सोडून देते. आज दोन शब्द, उद्या पाच. सहा-सात महिन्यांत ती बोलायचीच थांबते, आणि गंमत म्हणजे ती थांबल्याचं पुष्कळांना कळतही नाही.

या कुडीच्या जोरावरच विभागानं एम.ए.ला एक नवा पेपर ठेवला होता, 'शिकणाऱ्याची जागा'. उद्या जो भाषा शिकवणार, त्यानं आधी एक अनोळखी भाषा स्वतः शिकायची, रोजनिशी ठेवायची, आणि शेवटी ती भाषा बोलणाऱ्याशी पंधरा मिनिटं बोलून दाखवायचं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात विभागप्रमुख डॉ. तस्लीम बागवान यांनी सरांना आपल्या खोलीत बोलावलं. उर्दू, कन्नड, तेलुगू आणि मराठी या चार भाषा बाईंनी सोलापूरच्या गल्लीत खेळता खेळता उचललेल्या. पुढे फ्रेंच आणि जपानी शिकल्या. एकतीस वर्षांपूर्वी त्या सरांच्या आठवी 'ब'मध्ये होत्या. त्यामुळे सर त्यांना "मॅडम" म्हणत, त्या सरांना "सर" म्हणत, आणि वर्गातली पोरं गालातल्या गालात हसत.

"बसा की सर," तस्लीमबाई म्हणाल्या. "आधी गोड बातमी. तुमची कुडी गेले अकरा दिवस एक शब्द बोललेली नाही."

"बंद पडली?"

"चालू आहे. तिला सांगण्यासारखं काही उरलं नाही. तुम्हाला सगळं फिनिश कळतंय, सर. या कुडीच्या देशभरच्या पाहणीतल्या चाळीस जणांत तुम्ही पहिले."

सर खुशीत आले. पहिला नंबर ही गोष्ट कुठल्याही वयात गोडच लागते. सहा महिने ते रोज तासभर पेक्का नावाच्या एका निवृत्त फिनिश पोस्टमनशी व्हिडिओवर बोलत होते. म्हणजे पेक्का बोलत होता. तळ्यातले मासे, गुडघेदुखी, मेलेली मांजर असं सगळं त्यानं सांगून झालं होतं. इतकं मन लावून ऐकणारा माणूस आयुष्यात भेटला नाही, असं त्यानं विभागाला लिहूनही कळवलं होतं.

"आता हे बघा." बाईंनी पडदा सरांकडे वळवला. पानभर ठिपके होते. चार निळे, बाकी सगळे लाल. "बोलण्याआधी आपली जीभ आणि जबडा नकळत तयारी करतात. ती हालचालही ही कुडी मोजते. वाक्य तयार झालं आणि बोललं गेलं तर निळा ठिपका. तयार झालं आणि गिळलं तर लाल. काल पेक्काशी बोलताना तुम्ही एकशे सत्याऐंशी वाक्यं तयार केलीत, सर. बोललात चार."

"चार?"

"'नमस्कार', 'हो', 'हो' आणि 'येतो'."

सरांनी चष्मा काढून पुसला. "मॅडम, या भाषेत पंधरा विभक्त्या आहेत. आपल्याकडे आठ असून लोक धड वापरत नाहीत. मी मनात जुळवून बघतो. कुठंतरी शंका येते. मग चुकीचं बोलण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं."

तस्लीमबाई हसल्या. "हेच वाक्य आमच्या फळ्याच्या कोपऱ्यात होतं. आठवी 'ब'. तुम्ही खडूनं लिहिलं होतं आणि पुसू नये म्हणून चौकट केली होती."

"असेल."

"त्या जूनमध्ये मी एकदा हात वर केला होता, सर. उत्तर बरोबर होतं, पण मराठी आमच्या गल्लीतलं होतं. तुम्ही तेच वाक्य माझ्याकडून तीनदा नीट म्हणून घेतलंत. त्यानंतर मी मार्चपर्यंत हात वर केला नाही. रागानं नाही सांगत. तुमच्यामुळेच मी या विषयाकडे वळले, हेही खरं आहे. पण हा आलेख तुमचा एकट्याचा नाही. आठवी 'ब'मधल्या आम्हा बेचाळीस जणांचा आहे."

सरांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. पडद्यावर तळाशी एक लाल ठिपका उमटला. दोघांनीही तो पाहिला.

जानेवारीच्या दहा तारखेला मंडळी सोलापूरच्या विमानतळावर उतरली. तैमी गुडघ्यापर्यंतच्या लाल बुटांत दुडदुडत आली, सरांपुढे उभी राहिली आणि मान वर करून फिनिशमध्ये म्हणाली, "तूच माझा उक्की ना?"

उक्की म्हणजे आजोबा. सरांना अक्षर न् अक्षर कळलं. मन भरून आलं. 'हो, मीच तुझा उक्की, किती वाट बघितली तुझी' असं त्यांना म्हणायचं होतं. वाक्य तयार झालं. मग वाट बघितली याला विभक्ती कोणती लागते याची शंका आली. ती निस्तरेपर्यंत दुसरीच शंका आली. तोवर तैमी त्यांच्या रुंद हसऱ्या चेहऱ्याकडे बघून कंटाळली आणि महानंदाबाईंकडे गेली.

महानंदाबाई म्हणजे सरांच्या सौभाग्यवती. कुडीनं कान खाजतो म्हणून त्यांनी ती कधी घातलीच नाही. पस्तीस वर्षं सरांनी त्यांचं बोलणं सुधारायचा प्रयत्न केला, पण त्यांनी दाद दिली नाही. जगात सरांपुढे न अडखळता बोलणारं ते एकच माणूस होतं.

"ये ग माझी बाई! किती वाळलीस ग. इमानात खायला घातलं न्हाई का कुणी?"

विमानात एक बाळ सारखं रडत होतं, असं तैमीनं फिनिशमध्ये सांगितलं.

"हां हां, असू दे. घरी जाऊन जेवू मस्त," महानंदाबाई म्हणाल्या. आणि दोघी हातात हात घालून, आपापल्या भाषेत बडबडत, पुढे निघून गेल्या. सर बॅगा ढकलत मागून चालले.

चार दिवस हेच चाललं. तैमी आजीबरोबर स्वयंपाकघरात कणकेच्या चिमण्या करायची. आजीचं "काय करलालाव ग?", म्हणजे काय करतेयस, आणि नातीचं फिनिश यांचं इतकं जमलं होतं की मध्ये कुणाची गरजच नव्हती. सर दारात उभे राहून सगळं ऐकत. त्यांना दोघींचं सगळं कळत होतं, आणि दोघींपैकी कुणाशी काय बोलावं तेवढं सुचत नव्हतं. तैमीनं काही विचारलं की ते मान हलवत, हसत, फार तर तिच्या हातात एक केळं देत.

पाचव्या दिवशी जेवताना तैमीनं भाकरीचा तुकडा खाली ठेवला आणि आईला विचारलं, "उक्की किती वर्षांचा आहे?"

"एकसष्ट."

"मग त्याला अजून बोलता कसं येत नाही?"

केतकीला ठसका लागला. मिकोनं शेंगांच्या चटणीनं आधीच लाल झालेला चेहरा पाण्याच्या ग्लासात लपवला.

"माझ्या शाळेतला ओनी पण उशिरा बोलला," तैमी गंभीरपणे पुढे म्हणाली. "तो तीन वर्षांचा होता. उक्कीला कुणी शिकवलंच नसेल. मी शिकवीन."

"काय म्हणलालीय पोरगी?" महानंदाबाईंनी विचारलं. केतकीनं सांगितलं. त्यावर महानंदाबाई इतक्या हसल्या की त्यांच्या डोळ्यांना पदर लागला. सरांनी मात्र ताटातली भाकरी चिवडली आणि हात धुवायला उठले. साऱ्या गावाला बोलायला शिकवणारा माणूस, आणि नातीच्या लेखी तो मुका होता.

दुपारी केतकी गच्चीवर कपडे काढायला गेली तर सर तिथं कठड्याशी उभे होते.

"अप्पा, लागलं का तुम्हाला? लहान आहे ती."

"नाही ग," सर म्हणाले. मग त्यांनी आजवर मनातच ठेवलेला प्रश्न काढला. "केतकी, तू तिच्याशी मराठी का नाही बोललीस? तू बोलली असतीस तर तिला आलं असतं."

केतकी हातातल्या चादरीची घडी घालत राहिली. घडी झाली, ती तिनं मोडली, पुन्हा घातली.

"खरं सांगू? हॉस्टेलला असताना घरी फोन करायच्या आधी मी वाक्यं मनात घोकायची, अप्पा. दोन-दोनदा. तरी तुम्ही काहीतरी काढायचातच. एकदा ताप आला म्हणून फोन केला होता. तुम्ही आधी माझं वाक्य सुधारलंत, मग आईला फोन दिलात." तिचा आवाज चढला नव्हता. "तांपेरेला गेले तेव्हा मला फिनिश धड येत नव्हतं. पहिल्याच दिवशी कुडी घरी विसरून दुकानात गेले आणि सगळं चुकीचं बोलले. ती दुकानातली बाई हसली आणि मला पाव दिला. बस्स. मला इतकं मोकळं वाटलं, की मी घरी येऊन रडले. मग तैमी झाली. तिच्याशी बोलताना मला तसलंच मोकळं राहायचं होतं."

एकशे त्र्याऐंशी लाल ठिपके सरांच्या डोळ्यांपुढे आले, आणि त्यांच्यामागे हॉस्टेलच्या फोनपाशी उभी राहून वाक्यं घोकणारी पोर दिसली. माफी मागायची तर ती कशी मागावी, याची त्यांनी चार-पाच वाक्यं जुळवली. एकही पसंत पडेना.

"ताप किती होता?" त्यांनी एकदम विचारलं.

केतकी बघतच राहिली. पंधरा वर्षांपूर्वीचा ताप! मग ती हसायला लागली, आणि हसता हसता डोळे पुसायला लागली.

"एकशे दोन, अप्पा."

"डॉक्टरकडे कोण घेऊन गेलं?"

"मैत्रीण."

"मी यायला पाहिजे होतं," सर म्हणाले, आणि चादरीची दुसरी बाजू धरून घडी घालायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता तैमीची शाळा भरली. जागा, गच्चीचा जिना. सर पहिल्या पायरीवर बसले. तैमी तिसऱ्या पायरीवर उभी राहिली, म्हणजे बाई विद्यार्थ्यापेक्षा उंच झाल्या. तिनं फ्रॉकच्या खिशातून चमचा काढला.

"लुसिक्का," ती म्हणाली. "सानो!" सानो म्हणजे म्हण.

"लुसिक्का," सर म्हणाले.

तैमीनं टाळ्या वाजवल्या. मग वाटी, मग बूट, मग आजीची चप्पल. सर एकेक शब्द म्हणत गेले. शब्दांना काय, ते त्यांना केव्हाच येत होते. मग बाईंनी कमरेवर हात ठेवले, मान जरा तिरकी केली आणि विचारलं, "आता सांग, लुसिक्कानं तू काय करतोस?"

सरांच्या तोंडाला नेहमीचं कुलूप लागलं. वाक्य तयार झालं. चमच्याला विभक्ती लागली. आमटीला लागली. मग शंका आली. त्यांनी वर पाहिलं. कमरेवर हात, तिरकी मान, आणि उत्तर यायच्या आधीच चूक धरायला टपलेले डोळे! निरोपसमारंभात शाळेनं काढलेल्या फोटोत ते स्वतः असेच उभे होते. तशा उभ्या माणसासमोर बेचाळीस पोरं बसायची. आता एकटे आपण बसलोय, आणि या बाईंना निदान खरोखर वाटतंय की आपण बोलावं.

सरांनी डोळे मिटले आणि बोलून टाकलं.

तैमी आधी थक्क झाली. मग तिनं पोट धरलं आणि खदाखदा हसली. "एइ, उक्की! एइ!" एइ म्हणजे नाही. तू आमटी चमच्याला खायला घालतोस का? असं नाही, असं म्हण.

सर चुकले होते. समोरच्या गच्चीवर पापड वाळत होते, ते तसेच वाळत राहिले. खाली रस्त्यावरून रिक्षा गेली. आभाळ काही कोसळलं नाही. सरांनी वाक्य पुन्हा म्हटलं. आता दुसरीच चूक झाली. तैमी पुन्हा हसली, आणि या खेपेला सरही हसले. कशाला हसतोय हे नीटसं न कळता पोटातून येतं ना, तसलं हसू. मग जे सुरू झालं ते थांबेना. तुला विमानतळावर पाहिलं तेव्हा काय वाटलं, ते लाल बूट मला फार आवडले, आजीच्या आमटीत मीठ जास्त असतं पण तिला सांगू नकोस, असं सगळं साठवलेलं सर बोलत सुटले. दर वाक्याला "एइ, उक्की!" होत होतं. ते ऐकायला मिळावं म्हणून एकदा तर सर मुद्दाम चुकले.

तैमी धावत स्वयंपाकघरात गेली. उक्की बोलायला लागला, असं ती आजीच्या पदराला झोंबत ओरडत होती. ते फिनिश समजायला महानंदाबाईंना कुणाची मदत लागली नाही.

"अगोबाई, बोलले का? झालं मग! आता थांबवा कुणीतरी ह्यांना."

तोंडी परीक्षा पंचवीस तारखेला होती. पेक्का पडद्यावरून बोलणार असं ठरलं होतं. सरांनी अर्ज केला की समोर पडदा नको, चार वर्षांची मुलगी चालेल का? बाहेरून आलेले परीक्षक नियमांची चोपडी चाळत बसले. वयाची अट कुठंच नव्हती.

पंधरा मिनिटांची परीक्षा चोवीस मिनिटं चालली. तैमी परीक्षकांच्या टेबलावर बसून यात्रेत पाहिलेल्या नंदीचं चित्र काढत होती आणि सर त्या चित्राबद्दल तिच्याशी वाद घालत होते. सरांचं म्हणणं, नंदीला सहा पाय नसतात. तैमीचं म्हणणं, धावताना असतात. परीक्षकांनी सरांच्या चुका लिहायला कागद घेतला होता, पण त्यांच्या आधी तैमीच चूक पकडून, सुधारून, पुढे गेलेली असायची. शेवटी त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि नंदीत रंग भरायला तिला हिरवा खडू दिला.

परीक्षा झाल्यावर तैमी हिरवी बोटं धुवायला आईबरोबर गेली. तस्लीमबाईंनी सरांना आपल्या खोलीत बोलावलं. पडद्यावर पान उघडं होतं. पानभर निळे ठिपके.

"अभिनंदन, सर. पास तर झालातच. पण हे बघा. दोनशे अकरा वाक्यं तयार केलीत, दोनशे दहा बोललात." त्या पुढे वाकल्या. "एकच लाल ठिपका आहे, अगदी शेवटी. परीक्षा संपल्यावर, दारातून बाहेर पडताना. पूर्ण वाक्य तयार झालं, जीभ टाळूला लागली, आणि गिळलंत. कुडीला ते फिनिशमधलं वाटत नाही."

"मराठीच होतं," सर म्हणाले.

"काय झालं होतं?"

सर चेहरा साधा ठेवायचा प्रयत्न करत होते, पण तो जमत नव्हता. "तैमीनं माझा हात ओढला. आणि पहिल्यांदा, मॅडम, आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी मराठीत बोलली."

"काय म्हणाली?"

सरांनी ते वाक्य जसं ऐकलं तसंच्या तसं, कानामात्रा न बदलता म्हणून दाखवलं. "उक्की, घर चल की ओ, मला भूक लागलालाव."

मग तस्लीमबाईंनी काय केलं, तर आपल्या खुर्चीत ताठ बसून उजवा हात वर केला. कोपर सरळ, तळवा उघडा, आठवी 'ब'मध्ये करतात तसा.

"सर, मी सांगू? त्यात तीन चुका आहेत."

सरांनी ते वाक्य वाटेत दहा वेळा मनात घोळवलं होतं. चुका चार होत्या. त्यांनी समोरच्या वर आलेल्या हाताकडे पाहिलं.

"बरोबर, तस्लीम," सर म्हणाले. "शाब्बास."

कुडी अजून त्यांच्या कानातच होती. पडद्यावर, निळ्या पानाच्या अगदी तळाशी, दुसरा लाल ठिपका उमटला. तस्लीमबाईंनी तो पाहिला, सरांकडे पाहिलं, आणि वर केलेला हात तोंडावर दाबून त्या इतक्या जोरात हसल्या की बाहेरून तैमी धावत आली आणि दारातच ओरडली, "एइ, उक्की! आता काय चुकलास?"